गोदूच्या काळजाची भिंत

टेमघर, भिवंडी
रविवार, ४ जुलै १९७६

चांगदेव,

वर आशीर्वाद लिहायला पेन टेकवलं होतं. हात पुढे गेला नाही.

तुझं पत्र बुधवारी शाळेच्या पत्त्यावर मिळालं. घरी पाठवलं नाहीस, म्हणजे तुझ्या भावजींच्या हाती पडू नये एवढी काळजी तू घेतलीस. तिसरीच्या वर्गाला पाढे लिहायला बसवून मी ते वाचलं. साडेतीन वर्षांनी सख्ख्या भावाचं अक्षर पाहिलं आणि पहिलं वाक्य काय? ‘आक्का, गोदूचं हृदय अजून आमच्या विभागात जपून ठेवलेलं आहे.’

जपून! आम्ही पोरीला कामवारी नदीच्या काठाला पुरली तेव्हा ती किती हलकी लागली होती, ते मला आठवतं. मला वाटलं, आजारानं हलकी झाली. पंधरा दिवसांनी हे जेवता जेवता म्हणाले, “चांगदेवनं एका कागदावर सही घेतली. तपासाया ठेवलंय म्हणाला काळीज.” मी ताटावरून उठले. त्यांनी काय म्हणून सही केली ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. कागद इंग्रजीत होता आणि मेव्हणा डॉक्टर होता. मी तेव्हा वॉर्डाच्या बाहेर बाकावर बसले होते, वीस पावलांवर. तुला मला विचारता आलं असतं.

पुढच्या भाऊबीजेला तू दारात उभा राहिलास आणि मी कडी काढली नाही, ते त्यासाठी. तू तरी ते जाणून असशील असं मला वाटत होतं. आता तू लिहितोस की तुझा निबंध पुरा झाला, अठ्ठावीस मुलांच्या हृदयांचा, त्यात एक आपली, आणि छापायच्या आधी तुला मला ‘सांगावंसं’ वाटलं.

मी फाडून टाकणार होते पत्र. नाही फाडलं. एकच गोष्ट मागते. तू तिच्या हृदयात काय पाहिलंस ते मला मराठीत लिहून पाठव. सगळं पाठव. मी सातवी पास बाई आहे, आणि खारबावच्या शाळेत तुला बाराखडी मीच गिरवायला शिकवली. मला कळेल असं लिहिणं तुला जड जाऊ नये.

कमळा


टेमघर
रविवार, २२ ऑगस्ट १९७६

चांगदेव,

अकरा पानं मिळाली. अक्षर तेच आहे, ‘श’ अजून उलटा काढतोस.

मी चार वेळा वाचली. काय समजलं ते लिहिते, चुकलं तर सांग.

तू म्हणतोस, बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या हृदयाच्या स्नायूतल्या पेशी अजून एकीच्या दोन, दोनाच्या चार होत असतात. थोड्या महिन्यांनी ते बहुतेक थांबतं. पुढे नवी पेशी होत नाही, आहे तीच जाड होते. ती कशी जाड होणार हे तिच्या एकटीच्या हातात नाही. तिच्या भोवती काय आहे त्यावर ते ठरतं: रक्त किती येतं, त्यात प्राणवायू किती, ढकलायला जोर किती लागतो, आणि दोन पेशींच्या मधल्या जागेत काय भरलंय.

गोदूच्या हृदयात उजव्या कप्प्यातून फुफ्फुसाकडे जाणारी वाट अरुंद होती आणि मधल्या पडद्याला भोक होतं. म्हणून निळं रक्त लाल रक्तात मिसळायचं. हे तर आम्हाला ती आठ महिन्यांची असतानाच सांगितलं होतं. पुढचं मात्र कुणी सांगितलं नव्हतं. त्या अरुंद वाटेतून रक्त ढकलून ढकलून उजव्या कप्प्याची भिंत जाड होत जाते. भिंत जाड होते तशी तिला रक्त जास्त हवं असतं, आणि येतं ते निळं. मग पेशी उपाशी राहतात, काही मरतात, त्यांच्या जागी आणि त्यांच्या भोवती राठ धागे भरतात. धागे भरले की भिंत ताठरते. ताठर भिंत नीट सैल होत नाही, म्हणून पुरती भरत नाही. मग वाट मोकळी करून दिली तरी ते हृदय तो बदल सोसतंच असं नाही.

मी हे यांना लूमच्या भाषेत सांगून पाहिलं. कुठले कागद वाचतेय ते सांगितलं नाही, आरोग्याचा धडा आहे म्हटलं. ते म्हणाले, “ताणा फार ओढला का सूत तुटतं, आणि तुटलेलं गाठी मारून चालवलं का कापड ताठ येतं.” बरोबर आहे का?

पाचव्या पानावर तू लिहिलंस की पोटात असतानासुद्धा कप्पा किती वाढणार हे त्यातून वाहणाऱ्या रक्तावर ठरतं, भोवतालावर ठरतं. ते पान मी शाळेच्या कपाटात ठेवलं होतं आणि आठ दिवस उघडलं नाही. पोटातल्या पोराचा भोवताल म्हणजे आईच ना? लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर दिवस गेले होते मला. सासूबाई म्हणायच्या, तू शाळेत उभी राहिलीस म्हणून. मी काही चुकीचं खाल्लं का, ताप अंगावर काढला का, तू मला खरं सांग. डॉक्टर म्हणून सांग.

आणखी एक. उकिडवी बसायची ती. खेळता खेळता मधेच, अंगणात, रस्त्यात, हंड्याच्या रांगेत. आम्ही हसायचो. तू लिहिलंस की तशी बसली की पायाकडचं रक्त अडून फुफ्फुसाकडे थोडं जास्त जातं, आणि तिला ते कुणी शिकवलं नव्हतं. मी तिला दोनदा मारलं होतं त्यासाठी. फ्रॉक मळतो म्हणून.

कमळा


टेमघर
रविवार, १० ऑक्टोबर १९७६

चांगदेव,

तुझ्या उत्तरानं बरं वाटलं, पोटातल्या भोवतालाबद्दल. ‘आक्का, कारण आम्हालाही ठाऊक नाही, पण तू उभी राहिलीस म्हणून नाही, हे नक्की.’ ते वाक्य मी सासूबाईंना वाचून दाखवलं असतं, त्या असत्या तर.

पण सोबत तू निबंधातला तक्ता पाठवलास आणि मराठीत समजावलास. अठ्ठावीस ओळी आहेत. एकोणिसाव्या ओळीला मुलगी, सहा वर्षं नऊ महिने. पुढच्या रकान्यात तू लिहिलंस: ‘चौथ्या वर्षी ठरलेली शस्त्रक्रिया शहरातील अशांततेमुळे झाली नाही.’ आणि शेवटी, वाचलेल्या मुलांच्या नोंदी शेजारी ठेवून, तुझा निष्कर्ष असा की ज्या मुलांची वाट पाच वर्षांच्या आत मोकळी झाली, ती सहाव्या-सातव्या वर्षी झालेल्या मुलांपेक्षा जास्त वाचली. वाट पाहणं महाग पडतं.

चांगदेव, ती ओळ खोटी आहे. सहा वर्षं ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. आता लिहिते, मधे थांबले तर पुन्हा लिहिणार नाही.

सत्तर सालच्या मे महिन्यात सातव्या तारखेला भिवंडीत दंगल होऊन काय झालं ते तुला ठाऊक आहे. कर्फ्यू लागला. हे भाताच्या पेरणीआधीचा राब भाजायला शेतावर, दिघाशीला गेले होते, ते तिकडेच अडकले. घरात मी आणि गोदू. मुंबईच्या हॉस्पिटलची तारीख बारा मे, मंगळवार. तू तुझ्या डॉक्टरसाहेबांच्या पाया पडून मिळवलेली.

अकराव्या तारखेला कर्फ्यू दोन तास उठला तेव्हा मी हॉस्पिटलचं पत्र घेऊन कचेरीत गेले. तिथल्या कारकुनानं पत्र वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि लगेच कर्फ्यूचा पास करून दिला. दोघींचा. वर म्हणाला, “बाई, सकाळी सातला दुधाची गाडी ठाण्याला जाते, मी ड्रायव्हरला सांगून ठेवतो, तुमच्या दारात थांबेल.” लोक वाईट नव्हते. त्या आठवड्यातसुद्धा लोक वाईट नव्हते.

गाडी आली. सातला पाच मिनिटं होती. मी गोदूची वेणी घातली होती, पिशवी भरलेली होती. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. मी दाराला आतून पाठ लावून खाली बसले. गोदू खिडकीच्या फटीतून पाहत होती.

“आई, गाडी आली.”

“ती आपली न्हाय.”

“दारातच थांबलीय.”

“आपली न्हाय म्हटलं ना.”

त्यानं तीन वेळा भोंगा वाजवला. मग खाली उतरून दारावर थाप मारली, “मास्तरीणबाई!” अशी हाक मारून पाहिलं. गोदू माझ्याकडे बघत होती. मी तोंडावर बोट ठेवलं. तिला वाटलं खेळ आहे. तिनंही ठेवलं.

गाडी गेली. मी पास चुलीत घातला. हे चौदाव्या तारखेला कसेबसे आले, त्यांना मी म्हटलं, कर्फ्यूमुळे जाता आलं नाही. तुलाही तेच कळवलं. पुढची तारीख मिळायला अडीच वर्षं गेली.

आता, असं का केलं ते विचारशील. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तपासणीला चार दिवस वॉर्डात होतो ना आम्ही, तेव्हा शेजारच्या खाटेवर पालघरकडची बायजाबाई होती. तिच्या मुलीला सकाळी नेली. दुपारी ती बाई माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, “छाती फाडत्यान, काळीज थांबवून ठेवत्यान. परत चालू झालं त झालं. माज्या पोरीचं न्हाय झालं.” मी त्या संध्याकाळी राउंडला आलेल्या मोठ्या डॉक्टरांना विचारलं, थांबवलेलं काळीज चालू करता येतं का नक्की? ते विद्यार्थ्यांशी इंग्रजीत काही बोलले आणि पुढच्या खाटेकडे वळले. मग मी तुला विचारलं. जिन्यात. तू घाईत होतास. तू म्हणालास, “आक्का, तुला नाही कळायचं ते. तू फक्त तारखेला घेऊन ये.”

तुझ्यावर ढकलत नाही. दाराला पाठ मी लावली. पण मला कुणी एवढं जरी सांगितलं असतं की थांबल्यानं तिच्या आत रोज भिंत जाड होते आहे, तर मी दुधाच्या गाडीची वाट पाहिली नसती, तिला कडेवर घेऊन ठाण्यापर्यंत चालत गेले असते. मला वाटलं, न नेणं म्हणजे तिला आहे तशी ठेवणं. ती हसत होती, जेवत होती. मी तिला राखून ठेवतेय असं मला वाटलं.

ती ओळ बदल. लिही: आईने नेले नाही. आणि पुढे लिही, आईला कुणी समजावून सांगितले नव्हते. दोन्ही वाक्यं लिही. एकच लिहू नकोस.

आणि मला सांग, बारा मेला नेली असती तर ती वाचली असती का?

कमळा


टेमघर
रविवार, ९ जानेवारी १९७७

चि. चांगदेव,

परवा तुझ्याकडून परत आले तेव्हापासून लिहीन म्हणते.

आधी तुझ्या नोव्हेंबरच्या पत्राचं. तू लिहिलंस की त्या आठवड्यात हृदय-फुफ्फुसाचं यंत्र बिघडलेलं होतं, त्याचा पंप दुरुस्तीला गेला होता, बारा मेला शस्त्रक्रिया झालीच नसती, मी उगाच स्वतःला खाते आहे. चांगदेव, मी वीस वर्षं मुलांना शिकवते आहे. खोटं बोलणारं मूल नेहमी एक तपशील जास्त देतं. बहात्तर साली वॉर्डात वसईची एक बाई भेटली होती मला, मुलीला तपासणीला घेऊन आलेली. मुलगी पळत होती व्हरांड्यात. तिची शस्त्रक्रिया तेरा मे सत्तरची. मी तारीख विचारली होती. तेव्हाच विचारली होती.

तू माझ्यासाठी खोटं लिहिलंस हे मला कळलं. त्यासाठीच मी आले. नाहीतर आले नसते.

काचेची बरणी तू पांढऱ्या फडक्यानं झाकून ठेवली होतीस. फडकं तू काढलंस. मला वाटलं होतं लाल असेल. ते भिजलेल्या सुपारीच्या रंगाचं होतं. माझ्या मुठीहून लहान. तू बोट न लावता दाखवलंस, ही डावी भिंत, ही उजवी. उजवी पातळ असायला हवी. दोन्ही सारख्याच जाड होत्या. केवढं काम केलं होतं त्या एवढ्याशा जिवानं, एकटीनं, मला न सांगता.

मग सूक्ष्मदर्शक. मला आधी माझ्याच पापण्या दिसल्या. तू चाकी फिरवलीस आणि एकदम उजेडात तांबडे पट्टे आले, एकमेकांना चिकटून, आणि मधे मधे निळे धागे, कुठे बारीक, कुठे चांगले रुंद. “तांबडं ते स्नायू, आक्का. निळं ते मधे भरलेलं. रंग आम्ही दिलेले आहेत.” मी विचारलं, लहान पोराचं दाखव, हाच आजार असलेल्याचं. तू नको म्हणालास. मी खुर्चीवरून उठले नाही. शेवटी तू दुसरी काच लावलीस. दोन वर्षांचं मूल, तापानं गेलेलं, हृदय असंच. त्यात निळं जवळजवळ नव्हतं.

माझ्या प्रश्नाचं उत्तर ते होतं. तू तोंडानं म्हणालास, “एका काचेवरून एका मुलीचं सांगता येत नाही. ती टेबलावर गेलीही असती. शंभरातली वीस-पंचवीस जायची तेव्हा.” तेही खरं असेल. मी दोन्ही घेऊन घरी आले.

आणि तू भिंतीकडे तोंड करून म्हणालास, “जिन्यात मी थांबायला हवं होतं.” त्यावर मी काही बोलले नाही. आता बोलते. हो, थांबायला हवं होतंस. पण तू सत्तावीस वर्षांचा होतास आणि तुला वाटत होतं की तारीख मिळवली म्हणजे सगळं केलं. मला राग होता तो सहीचा होता असं मी समजत होते. तो जिन्यातला होता.

निबंधात ती दोन वाक्यं जशीच्या तशी छापत नाहीत म्हणालास, तसली वाक्यं कुठल्याच निबंधात नसतात. पहिलं छापलं जाईल, ‘पालकांनी नकार दिला’ असं. ठीक आहे. दुसऱ्याचं काय करायचं ते मी बघते.

बरणी तिथेच राहू दे. तू विचारलंस म्हणून सांगते. पूर्वी न विचारता ठेवलीस, आता मी सांगते म्हणून ठेव. तुझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना दाखव. नाव सांगू नकोस, पण वय सांग.

मद्रासच्या नोकरीवर जायच्या आधी घरी येऊन जा. यांना मी अजून काही सांगितलेलं नाही, तेव्हा जपून बोल.

तुझी आक्का


टेमघर
रविवार, १० एप्रिल १९७७

चि. चांगदेव,

मद्रासचा पत्ता मिळाला. तिकडे भात मिळतो हे बरं, तुला पोळी कधी आवडली नाही.

तू गेल्यावर पंधराच दिवसांनी दिघाशीची ठमाबाई आली. यांच्या भावकीतली, पंचविशीची असेल. कडेवर चंद्रा, अडीच वर्षांची. ओठ जांभळे, बोटांची टोकं फुगलेली. मला दारातच कळलं. ठमाबाई म्हणाली, “मास्तरीणबाय, ही पोर खेलता खेलता बसतंय उकिडवी. समदी म्हनतान, खोडी हाय तिची. तुमच्या गोदूची पन आशीच खोडी होती न्हाय?”

मी तिला बसवलं. तू दिलेली ती अकरा पानं मी पानभर मजकुरात आणली होती, शाळेच्या सायक्लोस्टाइलवर त्याच्या प्रती काढल्या होत्या. त्यातली एक वाचून दाखवली. पेशी म्हणजे काय, भिंत जाड का होते, थांबलं तर आत काय होतं. तिला सगळं समजलं, चांगदेव. तिनं विचारलं, “म्हंजे पोरीचा काही गुन्हा न्हाय, तिच्या भवतीचं बदललं पायजे, आनि लवकर बदललं पायजे?” तू अकरा पानांत तेच लिहिलं होतंस.

मग तिनं तो प्रश्न विचारला. मला माहीत होतं ती विचारणार.

“काळीज थांबवतान का?”

मी म्हटलं, “होय. थांबवतात. तेवढा वेळ यंत्र रक्त फिरवतं. बहुतेकांचं परत चालू होतं. काहींचं होत नाही. माझ्या मुलीचं चालू झालं होतं, तिसऱ्या दिवशी थकलं, कारण मी तिला उशिरा नेली.”

“का उशीर केला?”

मी सांगितलं. दुधाच्या गाडीचं, दाराचं, सगळं. ठमाबाई बराच वेळ चंद्राच्या पायातल्या वाळ्याशी खेळत राहिली. मग म्हणाली, “दाजींना म्हाईत हाय?”

नाही म्हटलं. आणि त्याच क्षणी मला कळलं की आता दिघाशीला कळायच्या आत मला यांना सांगायला हवं. तिला म्हटलं, एक दिवस थांब.

हे सकाळची शिफ्ट करून आले, पाय धुतले, चहा घेतला. मी समोर बसून सांगितलं. एकही शब्द गाळला नाही. मी थांबल्यावर त्यांनी कपबशी खाली ठेवली, अगदी हळू, आवाज होऊ नये अशी, आणि म्हणाले, “मी साहा वर्सं त्या कर्फ्यूला शिव्या देतोय.” खुंटीवरचा सदरा घातला आणि दिघाशीला गेले. लूमवर निरोप पाठवला की शेताचं काम आहे. तेव्हापासून तिकडेच आहेत. दोन महिने होत आले. मी निरोप पाठवलेला नाही. मला तो हक्क नाही.

ठमाबाईला घेऊन मी मुंबईला चार खेपा केल्या. तुझ्या साहेबांनी चंद्राला लवकरची तारीख दिली. म्हणाले, आता आम्ही लहान मुलांना थांबवत नाही, चांगदेवच्या कामानंतर. तुला सांगायला म्हणाले.

मंगळवारी, पाच तारखेला नेली तिला. आम्ही दोघी त्याच बाकावर बसलो होतो. ठमाबाईनं माझा हात धरला तो पाच तास सोडला नाही, माझ्या बोटांत मुंग्या आल्या. चारच्या सुमाराला नर्स आली आणि हसली. नर्स हसली म्हणजे काय ते मला आधी समजलंच नाही. तिसऱ्या दिवशी आम्हाला काचेतून पाहू दिलं. चंद्रा झोपली होती. ओठ गुलाबी. चांगदेव, मी तो रंग त्या तोंडावर कधी पाहिला नव्हता. मी माझ्या स्वतःच्या मुलीच्या तोंडावरही कधी पाहिला नव्हता, एक दिवसही नाही.

ठमाबाई काचेला कपाळ टेकून रडत होती. मला आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू, झाला होता. पण पहिल्या क्षणी मनात आलं ते हे, की हे गोदूचं होतं. मी बाहेर जाऊन नळावर तोंड धुतलं आणि मग आत आले.

ती वाचेल असं म्हणतात. मी बारा तारखेला तिला आणायला जाते आहे.

तुझी आक्का


टेमघर
रविवार, ५ जून १९७७

चि. चांगदेव,

चंद्रा बरी आहे. गेल्या आठवड्यात ठमाबाई तिला दाखवायला घेऊन आली. छातीवरचा व्रण अजून लाल आहे. अंगणात कोंबडीमागे धावली, मधे बसली नाही. ठमाबाईच्या गावाजवळून आणखी दोघी येऊन गेल्या त्या पानासाठी. एकीचं मूल नुसतं अशक्त आहे, दुसरीला मी हॉस्पिटलचा पत्ता दिला. पान आता दोन वेळा नव्यानं काढलं. हेडमास्तर कागदाबद्दल काही बोलत नाहीत.

तू तुझ्या पत्रात चार वेळा विचारलंस, म्हणून यांच्याबद्दल लिहिते.

ते बुधवारी आले. शेतातला राब भाजून झाला होता, तोंड करपल्यासारखं दिसत होतं. मी शाळेच्या सुट्टीमुळे घरीच होते, डाळ निवडत होते. ते ओट्यावर बसले. मी पाणी दिलं. प्यायले. मी आत जायला वळले तर म्हणाले, “बस.”

मी बसले. मला वाटलं, आता विचारतील की असं का केलंस. त्याचं उत्तर मी शंभर वेळा तयार केलं होतं आणि त्यातलं एकही धड नव्हतं.

ते म्हणाले, “तिकडं ठमाच्या पोरीला बगितली. कडेवर घेतली.” मग म्हणाले, “मी लई वाईट बोललो असतो तुला, म्हनून गेलो. मनात लई वाईट येत व्हतं. आजून येतं.”

“बोला,” मी म्हटलं.

“न्हाय.” त्यांनी भांडं उलटं करून ठेवलं. “त्या दिवशी मी दिघाशीला व्हतो. बारा तारखेला. गाडी गेल्यावर मंग तुमी दोगींनी काय केलं? सांजपर्यंत?”

मला प्रश्न कळला नाही.

“समदा दिवस ती घरात व्हती ना,” ते म्हणाले. “चालत बोलत व्हती. तो दिवस मला ठावंच न्हाय. माज्या पोरीचा तो एक दिवस मला म्हाईत न्हाय. सांग.”

सात वर्षं मी त्या दिवसाकडे पाहिलं ते फक्त सातला पाच मिनिटं कमी असताना. भोंगा वाजतो आणि दिवस तिथेच संपतो. त्याच्या पुढे दिवस होता हे मी विसरून गेले होते.

मी आठवू लागले. गाडी गेल्यावर तिनं वेणी सोड म्हणून हट्ट धरला, कारण घट्ट झाली होती. मी सोडली. भूक लागली म्हणाली, भाकरी आणि सुका जवळा दिला, तिनं जवळा वेचून खाल्ला आणि भाकरी माझ्या ताटात ठेवली. रस्त्यावर पोलिसांच्या बुटांचे आवाज येत होते, ते ती मोजत होती, पण तिला वीसपर्यंतच येत होते, म्हणून वीस झाले की पुन्हा एक. दुपारी माझ्या पोटावर डोकं ठेवून झोपली. उठल्यावर बाबा कधी येणार म्हणून विचारलं. मी म्हटलं, रस्ता मोकळा झाला की. तर म्हणाली, बाबांना सांग, मी एकदापण रडले नाही.

इथे हे रडू लागले. मी थांबले. त्यांनी हातानं खूण केली, पुढं.

मी पुढं सांगितलं. दिवेलागणीपर्यंत सांगत होते.

तुझी आक्का